साडेपंधरा फूट

१

कड्यावरून सोडलेल्या दोराची दोन्ही टोकं जमिनीला टेकली की नाहीत, एवढंच पाहायचं काम सुगंधाबाईंकडे होतं. त्या सकाळी एकच टोक टेकलं.

दुसरं त्यांच्या डोक्याच्या बरंच वर, वाऱ्यावर हलत लोंबत होतं.

वर कड्याच्या काठावर नलू पाठमोरी उभी होती. दुहेरी दोर मांडीखालून काढून खांद्यावरून पाठीवर टाकलेला, डोळे घट्ट मिटलेले. शिबिराच्या प्रमुख जयवंतीताई तिला सांगत होत्या, "मागे रेल. घाबरू नकोस. माणसापेक्षा दोर भरवशाचा असतो."

"थांबा!"

पालघरच्या शाळेत सोळा वर्षं रसायनशास्त्र शिकवताना सुगंधाबाईंचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे कधी गेला नव्हता. आज तो चौपन्न फूट चढून गेला.

"एक टोक आखूड आहे! तिला मागे घ्या, जयवंती!"

नलू मागे आली आणि तिथेच मटकन बसली. तिला धरायला कोणीतरी धावलं. सुगंधाबाई मात्र लोंबत्या टोकाकडे पाहत राहिल्या. साडेनऊ फूट, त्यांनी मनात अंदाज केला. झाडाला वळसा घालून दोर दुहेरी सोडतात. उतरणारीच्या हातून एक पदर संपला, की तो वर सुटतो, झाडाभोवती सर्रकन फिरतो आणि माणूस दोरासकट खाली येतो. त्या नऊ फुटांखाली वाळू नव्हती, पाय मोडण्याजोगे दगड होते.

सन सदुसष्टचा डिसेंबर होता. आसावा गडाच्या पायथ्याशी बारा जणी सात दिवसांसाठी जमल्या होत्या. शिक्षिका होत्या, दोन परिचारिका होत्या, बाकी कॉलेजच्या मुली. हिमालयात प्रशिक्षण घेऊन आलेल्या जयवंतीताईंनी हट्टानं भरवलेलं हे फक्त बायकांचं शिबिर. चढायचं बायकांनी, शिकवायचं बायकांनी, तंबूही बायकांनीच ठोकायचे. पहिले तीन दिवस लहान दगडांवर तागासारख्या सणाच्या जुन्या दोरानं सराव झाला होता. आज मोठा कडा. त्यासाठी मुंबईच्या एका गिर्यारोहण मंडळाकडून एकुलता एक नायलॉनचा दोर उसना आणलेला. पांढराशुभ्र, एकशेवीस फुटांचा.

दोर खाली आला. सुगंधाबाईंनी पिशवीतून शिंप्याची टेप काढली. शिबिराचं सामान त्यांच्या ताब्यात असे. निघण्याआधी पालघरला घराच्या ओसरीवर त्यांनी हाच दोर दोनदा मोजला होता आणि बरोबर साठ फुटांवर, मधोमध, लाल धागा बांधला होता. धागा जिथल्या तिथे होता. एका बाजूला साठ फूट. दुसऱ्या बाजूला साडेचव्वेचाळीस.

त्यांनी पुन्हा मोजलं. साडेचव्वेचाळीसच.

"साडेपंधरा फूट कापून नेलेत कोणीतरी," जयवंतीताई म्हणाल्या. संतापानं त्यांचा आवाज चिरका झाला होता. "नायलॉन! या किनाऱ्यावर नायलॉन म्हणजे सोनं. कोणाला हवा असणार तो, सांगायला हवं का?"

सांगायला नको होतं. सगळ्यांच्या नजरा कड्याच्या वाटेकडे वळल्या. तिथून दांडीची जमना एकटीच उतरत होती आणि तिचे पाय लटपटत होते. ज्या पोरीला वेलीला धरून माकडासारखं चढताना सगळ्यांनी पाहिलं होतं, तिचे.

२

जमना एकोणीस वर्षांची. दांडीच्या कोळीवाड्यातली, दादू तांडेलाची लेक. बोईसरच्या बाजारात तिची आते साखरबाई सुके बोंबील विकायला बसे. तिथे सुगंधाबाईंची आणि त्यांची ओळख झाली होती. "आमच्या पोरीला घ्या की तुमच्या गडावर. डोलकाठीवर चढते, दगडावर का नाय चढणार?" साखरबाई एकदा गमतीनं म्हणाल्या आणि सुगंधाबाईंनी ते गमतीवारी नेलं नाही. दादू तयार नव्हता. आतेनं आपल्या शब्दावर भावाकडून सात दिवस मागून घेतले. शिबिराची वर्गणी भरायच्या ऐवजी जमना पाणी आणायची आणि स्वयंपाकात राहीबाईंना मदत करायची.

जयवंतीताईंनी कालच सुगंधाबाईंना म्हटलं होतं, "ही पोरगी पुढच्या वर्षी शिकवायला उभी राहील बघ." आज त्याच जयवंतीताई जमनाचं गाठोडं सोडून बसल्या होत्या.

दोन लुगडी. फणी. सुक्या जवळ्याची पुरचुंडी. जाळं विणायची लाकडी सुई आणि तिच्यावर गुंडाळलेलं काळपट सूत. दोर नव्हता.

"कुठे ठेवलास?" जयवंतीताईंनी विचारलं.

जमनानं मान खाली घातली.

"अगं, घेतला नाहीस तर नाही म्हण!"

ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

"बारा वाजता एकनाथराव येतायत," जयवंतीताई सुगंधाबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या. एकनाथराव म्हणजे त्या मंडळाचे चिटणीस. दोर त्यांचा. "त्यांच्या पत्रात काय होतं, आठवतंय ना? 'एक वस्तू हरवली किंवा एक पाय मुरगळला, तर शिबिर त्याच दिवशी बंद.' ते पोलिसांत कळवणार. आणि मी त्यांना अडवू शकत नाही."

सुगंधाबाईंना पोलिसांची तितकी धास्ती वाटली नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर दांडीचा किनारा आला. पोर चोर ठरून परत आली, तर दादू तिला पुन्हा वेशीबाहेर पाठवणार नाही. ना गडावर, ना शाळेत, ना बाजारात. आणि साखरबाईंचा शब्द त्या घरात पुन्हा चालणार नाही.

"आत्ता साडेआठ झालेत," त्या म्हणाल्या. "मला बारापर्यंत वेळ दे."

"काय करणार तू?"

"मोजमाप."

३

पहिली भेट नलूची. ती तंबूत कांबळ्यात गुरफटून बसली होती. सुगंधाबाई आत येताच ती रडायला लागली.

"बाई, मी काल काय म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलंय. मी म्हणाले, दोर तुटला तर बरं होईल, उतरावं तरी लागणार नाही. पण मी कापला नाही हो!"

"ते मला ठाऊक आहे."

"कसं?"

"तुला उतरायची भीती वाटत होती. दोर कापलेला असता, तर आज सकाळी सगळ्यांच्या आधी तू उभी राहिली नसतीस."

"ते तर जयवंतीताईंनी ढकललं म्हणून!" नलू रडता रडता हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "एक सांगू? काल दिवेलागणीला मी जमनाला पाहिलं. दोर मांडीवर घेऊन बसली होती. तुम्हीच तिला पिशवीतून काढून वेटोळी करायला सांगितलं होतं ना? ती डोळे मिटून बोटांतून दोर सरकवत होती. अगदी हळू. देवाच्या मूर्तीवरून हात फिरवावा तशी. मी हाक मारली तर दचकली. म्हणाली, 'बोलू नको गं.' मला वाटलं, चिडली."

"आणि मग?"

"मग मी गेले. जेवायला पिठलं होतं ना."

सुगंधाबाई झाडाखाली येऊन बसल्या. दोराची दोन्ही टोकं त्यांनी मांडीवर घेतली. एक टोक कारखान्यातलं, वितळवून गोल केलेलं. दुसरं नवं. ते त्यांनी आधी पाहिलं नव्हतं, टेप पाहण्याच्या नादात.

नव्या टोकावर काळपट सुताचे नऊ वेढे होते. एकाला एक चिकटून, एकही एकमेकावर न चढलेला, आणि शेवट कुठे गेलाय ते नखानंही सापडत नव्हतं. जाळ्याच्या सुईवरचं सूत. म्हणजे जमनाच.

तरी त्यांची खात्री पटेना. सूत कोणीही घेऊ शकतं. त्या साडेपंधरा फुटांकडे परत आल्या. चोर दोर मोजून कापत नाही, हाती लागेल तिथे कापतो. आणि मोजून कापला, तर दहा, पंधरा, वीस असा कापेल. साडेपंधरा हा कुठला आकडा?

टेपनं मोजणाऱ्याचा नाही. ज्याच्याकडे टेप नाही, त्याचा.

मग त्यांना बोईसरचा बाजार आठवला. साखरबाई दोन्ही हात पसरून, छातीवरून दोर ताणून मोजत होत्या: "एक वाव, दोन वाव..." आडव्या पसरलेल्या हातांच्या या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. आणि माणसाचे पसरलेले हात साधारण त्याच्या उंचीएवढे असतात, हे त्या दरवर्षी नववीच्या मुलींना भिंतीशी उभं करून दाखवत असत.

साडेपंधरा भागिले तीन. पाच फूट दोन इंच.

त्यांनी टेप घेऊन शिबिरभर फिरून एकेकीचे हात पसरायला लावले. आपल्याला कोट शिवून मिळणार, असा एका परिचारिकेचा समज झाला. जयवंतीताई पाच फूट सहा. नलू चार अकरा. स्वयंपाकाच्या राहीबाई चार दहा. कोणी पाच पूर्ण, कोणी पाच चार.

जमना शेवटी. तिनं काही न विचारता हात पसरले, आणि तेव्हा तिच्या बोटांची टोकं सुगंधाबाईंना दिसली. लालसर झालेली, सालपटं निघालेली. टेप या बोटापासून त्या बोटापर्यंत गेली.

पाच फूट दोन.

घड्याळात दहा वाजून गेले होते. जी शंका खोटी ठरवायला सुगंधाबाई निघाल्या होत्या, तीच त्यांनी इंचाइंचानं सिद्ध करून ठेवली होती.

४

वैज्ञानिकाला उत्तर नको असलं, तरी ते लिहून ठेवावं लागतं. सुगंधाबाईंनी वहीत लिहिलं: कापला जमनानं. तीन वाव. मग त्याखाली लिहिलं: का?

आणि त्या पुन्हा त्या नऊ वेढ्यांकडे पाहत बसल्या.

चोराला दोर हवा असतो, तेव्हा तो तुकडा घेऊन निघून जातो. मागे राहिलेल्या टोकाचे धागे सुटतील, दोर उसवेल, याची त्याला काय फिकीर? इथे तर कोणीतरी दिवेलागणीच्या अंधुक उजेडात, मान मोडून, राहिलेल्या दोराचं टोक बांधून ठेवलं होतं. चोर मागे उरलेल्या मालाची काळजी घेत नाही.

त्या उठल्या आणि स्वयंपाकाच्या झोपडीकडे गेल्या.

राहीबाई पायथ्याच्या पाड्यातल्या. त्या दगडी चुलीवर काटकीनं काहीतरी खरवडत होत्या आणि तोंडानं कोणाला तरी शिव्या देत होत्या.

"काय झालं, राहीबाई?"

"ह्ये बगा की, बाई! काल सांजपासून चुलीला घाण वास येतोय. केस जळल्यावानी. आन ह्यो डांबराचा गोळा चिकटून बसलाय. निगतच नाय. कोन टाकतंय काय म्हाईत!"

काळा, काचेसारखा कडक गोळा. सुगंधाबाईंनी तो नखानं टोकरला. डांबर नव्हतं. सण जळून राख होतो, काथ्या जळून राख होतो. नायलॉन राख होत नाही, वितळून असा गोळा होतो.

म्हणजे सोन्यासारखा दोर चोरून कोणीतरी तो चुलीत घातला होता.

"राहीबाई, दोराचा एखादा तुकडा पाहिलात इथे?"

राहीबाईंचा हात थांबला. काटकी खाली ठेवली. पदर सारखा केला.

"मी चोरला नाय."

"मी तसं म्हटलंच नाही."

"चुलीमागं पडला व्हता. हातभर. म्या म्हटलं, टाकलाय तर घ्यावा, करडू बांधाया. आन सकाळी तुमी सगळ्या वरडाया लागल्या, मंग म्या भ्याले." त्यांनी झोपडीच्या कुडातून पांढरा तुकडा ओढून काढला आणि तोंड वाकडं केलं. "आन तसा बी कामाचा नाय. कुजका हाय. करडानं येक हिसका दिला, तं तुटला. येवडंसं करडू!"

सुगंधाबाईंनी तुकडा दोन्ही हातांत धरला. दिसायला तो बाकीच्या दोरासारखाच होता, थोडा पिवळट इतकंच. त्यांनी ओढला. शेवेची काडी तुटावी तसा तो तुटला.

हे टोक कापलेलं नसतं, तर सकाळी नलूचा सगळा भार याच्यावर आला असता.

"दोराची पिशवी कुठे आहे, राहीबाई?"

"ती? कांदं भरलेत तीत."

कांदे ओतले गेले. जाड कापडाच्या पिशवीच्या तळाला पाच-सहा भोकं होती, कडा तपकिरी, हात लावला की भुगा पडणारी. सुगंधाबाईंनी भज्यांसाठी आणलेला खायचा सोडा मागून घेतला, भोकांच्या कडेवर चिमूटभर टाकला आणि वर थेंब थेंब पाणी सोडलं.

सोडा फसफसला.

"अगं बया," राहीबाई म्हणाल्या. "पिशवीला भूत लागलंय का काय?"

"भूत नाही, राहीबाई. आम्ल आहे. आणि ते कुठून आलं, ते सांगणारा माणूस आता येईलच."

लांबून ट्रकचा आवाज येत होता.

५

ट्रक तारापूरच्या बांधकामावरच्या एका ठेकेदाराचा. चालवणारा पुंजाराम जालन्याकडचा, पालघरला सुगंधाबाईंच्या शेजारी बिऱ्हाड करून राहणारा. शिबिराचं सामान त्यानंच जाता जाता पायथ्याशी सोडलं होतं. आज तो बोईसर स्टेशनवरून एकनाथरावांना घेऊन आला.

एकनाथराव उतरले, टोपीवरची धूळ झटकली आणि जयवंतीताईंचा चेहरा पाहूनच समजले. दोन मिनिटांत त्यांना सगळं सांगून झालं.

"मला वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण अट ती अट. कुठाय ती मुलगी?"

"आधी पुंजारामला एक विचारू द्या," सुगंधाबाई म्हणाल्या. "पुंजाराम, त्या दिवशी ट्रकमध्ये आमच्या सामानाशिवाय काय होतं?"

"काय नाय, बाई. दोन टोपल्या, येक चाक, आन..." तो थांबला. "आन जुनी बॅटरी. चार्जिंगला न्यायाची व्हती."

"कुठे ठेवली होती?"

"कलंडू नये म्हणून तुमच्या पिशवीला टेकवली व्हती. मऊ पिशवी, म्हटलं..." त्याचा चेहरा उतरला. "रस्त्यात खड्डे लई, बाई. पाणी सांडलं असंल का?"

"सांडलं. पिशवीच्या तळाशी साचलं. दोर पिशवीत सोडताना जे टोक आधी जातं ते तळाशी राहतं, त्यामुळे तेवढंच भिजलं. बॅटरीतलं आम्ल नायलॉनला आतून खातं. वाळल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही."

त्यांनी राहीबाईंचा तुकडा एकनाथरावांच्या हातात दिला. "ओढा."

एकनाथरावांनी ओढला. दोन्ही हातांत दोन तुकडे घेऊन ते नुसते उभे राहिले.

"हे टोक दोराला राहिलं असतं, तर आज तुम्हाला शिबिर बंद करायचं पत्र लिहावं लागलं नसतं, सांत्वनाचं लिहावं लागलं असतं. माझ्या डोळ्यांना ते दिसलं नाही. जयवंतीच्याही नाही. ते एकीच्या बोटांना कळलं."

सगळ्या जणी जमनाकडे वळल्या. ती राहीबाईंच्या मागे उभी होती.

"पण मग तिनं सांगितलं का नाही?" जयवंतीताई जवळजवळ ओरडल्याच. "जमना, अगं, तोंड होतं ना तुला?"

सुगंधाबाई तिच्यापाशी गेल्या आणि हळू आवाजात, वर्गात कच्च्या मुलीला विचारावं तसं विचारलं, "दोराच्या मध्ये लाल धागा होता. तो तुला कशाचा वाटला?"

"पूजेचा," जमना पुटपुटली. "आमी बी बांधतो, नारळी पुनवेला. नव्या दोराला."

जयवंतीताईंनी कपाळावर हात मारला.

"होडीच्या दोराला मधला भाग नसतो, जयवंती," सुगंधाबाई म्हणाल्या. "एक टोक होडीला, दुसरं पाण्यात. टोक बाद झालं तर कापायचं, संपलं. दोर तीन वाव कमी झाला तर कोणाला कळतही नाही. आपण तो मधोमध दुमडणार, हे तिला कोणी सांगितलं होतं? मी नाही सांगितलं. तू?"

"आन सांगायाचं नसतं, बाय," जमना एकदम म्हणाली. आता तिला थांबवता आलं नसतं. "होडी निघायच्या आदल्या दिशी दोराचं वाईट तोंडानं बोलायचं नाय. बोललं का दोर ऐकतो. जिला गावंल तिनं गपचूप कापायचं आन बारीक तुकडं करून जाळायचं. नायतर दुसरा कोन उचलतो, भरवसा ठेवतो आन बुडतो. मी जाळलं. पन ह्यो जळंना, नुसता वितळला. मंग सकाळी नलू तितं उबी रायली, आन तुमी खालून वरडल्या, तवा कळलं. मी तिला वाचवाया गेले आन मीच तिला..." तिनं बोटं पदरात लपवली. "मंग कुठल्या तोंडानं बोलू?"

नलू पुढे आली. सकाळपासून कांबळ्यात बसलेली ती आता कांबळं तसंच अंगावर घेऊन आली आणि त्याचं अर्धं टोक तिनं जमनाच्या खांद्यावर टाकलं. "बोटं दाखव," ती म्हणाली. "जळलीत बघ. परिचारिका दोन आहेत इथे, कोणी हलेल का?"

मग एकच धांदल उडाली. कोणी मलम आणलं, कोणी पाणी. राहीबाईंनी तेवढ्यात जमनाला दोन धपाटे घालून घेतले: "माझी चूल बिघडवली ती बिघडवली!" आणि लगेच तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. पुंजाराम पुन्हा पुन्हा कान धरत होता.

जयवंतीताई सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांना माफी मागायची सवय नव्हती. त्या जमनाचं गाठोडं घेऊन आल्या होत्या, लुगड्यांच्या घड्या पुन्हा नीट घातलेल्या, सुई वर ठेवलेली.

"हे नऊ वेढे," त्या खाकरून म्हणाल्या, "मला शिकवशील?"

एकनाथराव दोन तुकडे अजून हातातच धरून होते. "दोराबद्दल माझी काही तक्रार नाही," ते म्हणाले. "उरलेल्यावर पुढचं उतरणं करा."

"नाही," सुगंधाबाई म्हणाल्या.

"का? टोक तर कापलंय."

"एक थेंब वरच्या वेढ्यावर उडालेला असला, तर मला कळणार नाही. आणि दुसरं, उरला एकशे साडेचार फूट. दुमडला की सव्वाबावन्न. कडा चौपन्न." त्यांनी वही मिटली. "या दोरावर यापुढे फक्त कपडे वाळतील."

चोर मिळाला नाही, चोरी झाली नाही, कोणी पडलं नाही. आणि तरीही मोठा कडा राहिला तो राहिलाच.

तेवढ्यात जमना म्हणाली, "आमच्याकडं हाय."

६

पुंजारामबरोबर दांडीला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा ट्रक आला तेव्हा मागे, टोपल्यांच्या मधोमध, साखरबाई पाय पसरून बसल्या होत्या. नाकात नथ, केसांत अबोली, मांडीवर सणाचा नवा कोरा दोर. दादूनं तो पुढच्या मोसमासाठी वळून ठेवला होता.

"भाऊ काय म्हणाला?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"काय म्हननार? म्हटला, पोरीनं येक मानूस वाचवला म्हनतात, तं मंग दोर कमी कसा पडंल? आन मला म्हटला, तू बी जा, बग, तिला नीट शिकवतात का नाय त्या बामनिणी." साखरबाई ट्रकमधून उतरत हसल्या. "बावीस वाव हाय. माज्या वावेनं. पुरंल का?"

साखरबाईंची उंची पाच फूट. एकशे दहा. सुगंधाबाईंनी टेपनं मोजला: एकशे दहा आणि वर चार इंच. दुमडून पंचावन्न. पुरत होता, जेमतेम. झाडाला वळसा घालायला त्यांनी वर वेगळा फास बांधायला लावला, म्हणजे तिथे इंचही जाणार नाही.

मधोमध कुठे ते त्यांनी खडूनं दाखवलं. लाल धागा जमनानं बांधला. बांधताना तिनं सगळ्यांना सांगितलं, "ह्यो पूजेचा नाय. ह्यो मधला हाय." आणि मग क्षणभर थांबून, धाग्याला हळूच हात लावून तो कपाळाला लावला. असू दे, दोन्हीचा असला तरी.

मग आते आणि भाची समोरासमोर बसल्या आणि दोर बोटांतून सरकवू लागल्या. बारा जणी भोवती उभ्या होत्या.

"चांगला मजबूत दिसतो हो हा दो..." रात्री पाड्यात मुक्काम केलेल्या एकनाथरावांनी तोंड उघडलं.

"श्शूऽऽ!" बारा जणी एकदम म्हणाल्या. नलूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

एकनाथराव टोपी सारखी करून दगडावर जाऊन बसले.

सुगंधाबाईंना मात्र एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. "साखरबाई, तुमची रीत मी मोडणार नाही. पण ज्या हाताला कळलं, त्यानं मला न सांगता कापलं, तर पुन्हा कालच्यासारखंच होईल. बोलायचं नाही, मग सांगायचं कसं?"

साखरबाईंनी दोर थांबवला. मग जमनाला म्हणाल्या, "अगं, बोलायचं नाय. दाखवायचं. तुला कदी सांगितलं नाय का मी?"

जमनानं सुगंधाबाईंचा उजवा हात धरला आणि दोरावर ठेवला. खडूनं, काचेच्या नळ्यांनी, सोळा वर्षांच्या वह्यांनी गुळगुळीत झालेली ती बोटं तिनं आपल्या सोललेल्या बोटांखाली दाबली आणि दोर सरकवू लागली. पिळावर पीळ, पिळावर पीळ. एका जागी ती थांबली. सुगंधाबाईंना काही कळलं नाही. ती पुन्हा मागे आली, पुन्हा थांबली. तिसऱ्या खेपेला त्यांना कळलं. एक पदर किंचित सैल. बाद नव्हता, वळताना दादूचा हात तिथे ढिला पडला असणार.

त्यांनी मान हलवली. जमनानं मान हलवली. तिथे सुईचे चार वेढे बसले आणि दोर पुढे सरकला.

शेवटचं टोक हातातून गेलं, तेव्हा नलू उतरायला पुढे आली. तिचा चेहरा अजून पांढरा होता, तरी ती आली.

"थांब," सुगंधाबाई म्हणाल्या. "आधी मी."

जयवंतीताईंनी भुवया उंचावल्या. तीन वर्षांत, चार शिबिरांत सुगंधाबाई कधी उतरल्या नव्हत्या. त्या खाली उभ्या राहत, टोकं टेकली का ते पाहत आणि वहीत लिहीत. उंचावर गेलं की त्यांना गरगरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तो विषय काढत नव्हतं.

"तुला घेरी येते," जयवंतीताई म्हणाल्या.

"येते. म्हणूनच मी उतरले, तर दोराचा पुरावा जास्त पक्का."

त्यांनी लुगड्याचा काचा घट्ट खोचला. जमनानं दोर त्यांच्या मांडीखालून काढून छातीवरून खांद्यावर टाकला. चौपन्न फूट खाली साखरबाई त्यांच्या जागी उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

"टेकली का हो दोन्ही?" सुगंधाबाईंनी वरून विचारलं. आवाज फारसा मोठा नव्हता, पण पोचला.

"टेकली, बाय! दोनी!"

सुगंधाबाई मागे रेलल्या.